दारूचं दुकान रात्री किती वाजता बंद व्हायला हवं?



दारू वाईट, हे मी तुम्हांला नव्याने काय सांगणार? आज मी फक्त घड्याळाबद्दल बोलणार आहे.

महाराष्ट्रात दारू विकायला सरकारचा परवाना लागतो. सरकारी कागदात त्याला ‘अनुज्ञप्ती’ म्हणतात. शब्द अवघड आहे, पण ओळखून ठेवा. कायदा १९४९ सालचा. परवाने देणारा हा कायदा, आणि त्याचं नाव दारूबंदी कायदा! असो.

परवाने सगळे सारखे नसतात. देशी दारूच्या दुकानाचा परवाना निराळा. त्याला ‘सी. एल. ३’ म्हणतात. बिअर शॉपीचा निराळा. तिथे बिअर आणि वाईन सीलबंद विकायची. व्हिस्की, रम तिथे चालत नाही, आणि तिथे बसून पिणंही चालत नाही. वाईन शॉपचा परवाना आणखी निराळा. नाव वाईनचं, पण तिथे व्हिस्की, रम सगळं मिळतं. बसून प्यायची जागा म्हणजे परमिट रूम.

आता बघा, ज्याचा जसा परवाना, तशी त्याची वेळ. खेड्यातलं देशी दारूचं दुकान रात्री १० वाजता बंद झालं पाहिजे. मोठ्या शहरात त्याला ११ पर्यंत मुभा आहे. बिअर शॉपी आणि वाईन शॉप साडेदहाला बंद. आपल्याकडची परमिट रूम साडेअकराला बंद. मुंबई-पुण्यासारख्या, पोलीस आयुक्त असलेल्या शहरांत ती रात्री दीडपर्यंत चालते. डिसेंबरच्या २४, २५ आणि ३१ तारखेला सरकार जास्त वेळ देत आलं आहे. बाकीच्या रात्री ती सवलत नाही.

निवडणुकीचा नियम तर फार कडक. लोकसभेचं किंवा विधानसभेचं मतदान बुधवारी संध्याकाळी ६ ला संपणार असेल, तर सोमवारी संध्याकाळी ६ पासूनच विक्री बंद. पुरे ४८ तास. मोडेल त्याला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

कुणी म्हणेल, अर्धा तास इकडं-तिकडं झाला, त्यात काय एवढं? ते मजुरी करणाऱ्याच्या घरी जाऊन विचारा. आठवड्याची मजुरी संध्याकाळी हातात पडते. दुकान वेळेवर मिटलं, तर खिशात उरलेलं घरी पोचतं. मागच्या खिडकीतून बाटली मिळत राहिली, तर ज्वारीचे पैसेही त्याच खिडकीतून जातात.

दुकानदाराशी भांडू नका. वेळेत विकतो तोवर त्याचा धंदा कायद्याचा आहे. वेळेनंतर विकतो, तर लिहून काढा. तारीख, वाजले किती, दुकानाचं नाव, पाटीवर परवान्याचा नंबर असेल तर तोही. अर्ज राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या निरीक्षकाला द्या. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, म्हणजे सही आणि शिक्का. तोंडी सांगितलेलं वाऱ्यावर जातं.

आणि दुकानच नको असेल तर? त्याला २००८ सालचा सरकारी आदेश आहे. गावातल्या बायकांना मत देऊन दुकान बंद करता येतं. मतदार यादीतल्या १०० बायकांपैकी निदान २५ जणींनी अर्जावर सही करायची. सह्या खऱ्या की खोट्या, हे अधिकारी तपासतात. मग गुप्त मतदान होतं. चिठ्ठीवर दोन चित्रं असतात, एक उभी बाटली, एक आडवी. दुकान नको असेल तिने आडवीवर शिक्का मारायचा.

इथे एक गोम आहे, नीट ऐका. आलेल्या मतांत जास्त मतं मिळून भागत नाही. यादीतल्या सगळ्या बायकांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. समजा यादीत ६०० बायका आहेत. मग अर्जावर १५० सह्या हव्यात आणि आडवीला ३०१ मतं हवीत. आडवीला २९० आणि उभीला १० पडली, तरी दुकान चालूच राहतं. त्या दिवशी जी शेतावर गेली किंवा माहेरी राहिली, तिचं न पडलेलं मतही बाटली उभीच ठेवतं.