डागामागील कारण

कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथे जॉन अ‍ॅलन (१९१३–१९७३) या छायाचित्रकाराने १:८७ या प्रमाणात एक छोटी काल्पनिक रेल्वे उभारली. मालगाडीच्या कोऱ्या, चकचकीत डब्यांवर त्याने मुद्दाम काजळी, धूळ व गंज यांचे रंग चढविले.

परंतु प्रत्येक डागाला कारण असते. वाफेच्या इंजिनाची काजळी छतावर बसते. गंजाचे ओघळ पावसाच्या पाण्याबरोबर खाली उतरतात. चाकांनी उडविलेली धूळ डब्याच्या दोन्ही टोकांवर वर चढते. कारणावाचून फासलेला रंग म्हणजे निव्वळ मळ. म्हणून कुंचला हाती घेण्यापूर्वी खरा डबा निरखावा.

अ‍ॅलनच्या निधनानंतर काही दिवसांतच ती रेल्वे आगीत जळाली. छायाचित्रे मात्र उरली. त्यांतून आजही ही रीत शिकता येते.