शिकवणाऱ्याने शिकत राहावे
(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



शिक्षकाच्या प्रगतीविषयी बोलावे, अशी मला सूचना आहे. प्रगती म्हटली की वेतनश्रेणी आणि बढती डोळ्यांसमोर येते. ती हवीच. परंतु मी बोलणार आहे माझ्या एका चुकीविषयी, कारण माझी खरी प्रगती तेथून सुरू झाली.

बी.एड. होऊन नोकरीला लागलो तेव्हा वाटे, आता आपले शिकणे संपले. पाचवीच्या वर्गात एक मुलगा होता. "सातची तिप्पट किती?" असे विचारले की मान खाली घालून उभा राही. मी त्याला 'ढ' ठरवले. एवढ्यावर न थांबता वडिलांना बोलावून सांगितले, "याला शिक्षण झेपणार नाही. धंद्याला लावा." त्यांनी माझा शब्द मानला.

काही महिन्यांनी तोच मुलगा बाजारात मोसंबीच्या हातगाडीवर दिसला. अडीच किलोचा हिशेब तोंडी करून गिऱ्हाइकाला मोड परत देत होता. मी विचारले, "सात का तिगुना?" लगेच उत्तर आले, "इक्कीस, सर."

त्याला गणित येत होते. 'तिप्पट' हा शब्द येत नव्हता. घरची बोली दखनी, वर्गातली भाषा मराठी. दोहोंमध्ये पूल बांधणे हे माझे काम होते. त्याच्या घरी गेलो. वडील एवढेच म्हणाले, "सर, आपीच तो बोले थे." मला उत्तर सुचले नाही. मुलगा शाळेत परत आला. गेलेले वर्ष मात्र परत आले नाही.

तेव्हापासून मी तीन गोष्टी पाळतो. मूल गप्प राहिले, तर तोच प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचारतो. रोज रात्री वहीत लिहितो : आज कोणाला समजले नाही, आणि का? आणि आठवड्यातून एकदा सहकाऱ्याच्या वर्गात मागच्या बाकावर बसतो. त्यांनाही माझ्या वर्गात बोलावतो.

शिक्षक एकट्याने वाढत नाही. सावित्रीबाई फुले विवाहानंतर अक्षरे शिकल्या आणि १८४८ साली पुण्यात मुलींना शिकवू लागल्या. १० ऑक्टोबर १८५६ च्या पत्रात, आजारपणात माहेरी असताना, त्या जोतिरावांना कळवतात की फातिमाला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही. सहकाऱ्यावर असा विश्वास ही शाळेची मोठी पुंजी होय.

आपले जालना बियाण्यांसाठी प्रसिद्ध आहे. पेरणीपूर्वी शेतकरी ओल्या गोणपाटात शंभर दाणे ठेवून उगवण तपासतो. दाणे उगवले नाहीत, तर जमिनीला दोष देत नाही. आम्हा शिक्षकांनीही मुलांना नावे ठेवण्यापूर्वी आपले शिकवणे तपासावे.

विद्यार्थ्यांनो, समजले नाही तर निःसंकोच हात वर करा. आणि पालकहो, एखादा शिक्षक तुमच्या मुलाला 'ढ' म्हणाला, तर त्याचा शब्द लगेच मानू नका. आदराने विचारा, "सर, आपण दुसऱ्या रीतीने समजावून पाहिलेत का?" त्या वेळी मला कोणी हा प्रश्न विचारला असता, तर एका मुलाचे वर्ष वाचले असते.