झरोका किती उघडावा?



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली सुरू केलेल्या या ज्ञानसत्रात मोठमोठ्या विद्वानांनी मोठमोठे विषय मांडले आहेत. माझा विषय लहान आहे. डिजिटल कॅमेरा 'मॅन्युअल'वर ठेवला, म्हणजे सगळा कारभार आपल्या हाती घेतला, की अॅपर्चर कुठे कुठे फसवते आणि ती खोड कशी शोधून काढावी, एवढेच मी सांगणार आहे. मी छायाचित्रकार नाही. कामगार संघटनेचे काम करतो. शाळा लवकर सुटली. पुढे जे शिकलो ते मागून आणलेल्या पुस्तकांतून आणि केलेल्या चुकांतून. ही विद्या एका चुकीतूनच आली, आणि त्या चुकीची किंमत मी नव्हे, दुसऱ्याने दिली. म्हणून ती आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी पिंपरी-चिंचवडकडील एका कारखान्यात रात्रपाळीला प्रेस मशीनवर एका तरुण कामगाराची दोन बोटे गेली. यंत्राला गार्ड नव्हता. धोक्याच्या भागाला आडोसा असलाच पाहिजे, असे १९४८ च्या कारखाना कायद्याच्या २१ व्या कलमाने बजावले होते. चौकशीला कामगारांच्या बाजूने मी गेलो आणि फोटो घेण्याची परवानगीही मिळाली. गळ्यात संघटनेने वर्गणीतून घेतलेला जुना कॅमेरा होता. शेडमध्ये उजेड बेताचा. मी मनाशी म्हटले, अंधार आहे, तेव्हा झरोका मोठ्यात मोठा उघडू. आणि आकडा वाढवीत वाढवीत २२ वर नेला. बॅटरी पुरावी म्हणून मागचा पडदा बंद ठेवला होता. दहा-बारा फोटो काढून समाधानाने घरी आलो. पाहतो तो सगळे काळे! दुसऱ्या दिवशी धावत गेलो, तर यंत्राला नवा कोरा गार्ड बसलेला, आणि 'काल नव्हता कशावरून?' असा प्रश्न मलाच आला.

आता माझे काय चुकले ते पाहू. अॅपर्चर म्हणजे भिंगाच्या नळीतील लहानमोठा होणारा झरोका. त्याचा आकडा म्हणजे भागाकार आहे. ५० मिलिमीटरचे भिंग घ्या. आकडा २ असेल तर झरोका २५ मिलिमीटर रुंद. आकडा ४ तर साडेबारा. ८ तर सव्वासहा. एक भाकरी दोघांत वाटली तर प्रत्येकाला अर्धी मिळते, बावीस जणांत वाटली तर तुकडा येतो. आकडा मोठा तितका वाटा लहान. ज्या माणसाने आयुष्यभर बोनसचे हिशेब केले, त्याला हा भागाकार कळू नये, याची मला आजही लाज वाटते.

आकड्यांची शिडी अशी आहे: २.८, ४, ५.६, ८, ११, १६, २२. एकेक पायरी चढाल तसा प्रकाश निम्मा होतो. पण झरोका एकटा काम करीत नाही. खडकवासल्याहून किती पाणी सुटले हे दरवाजा किती उघडला आणि किती वेळ उघडा ठेवला, या दोन्हींवर ठरते. तसेच येथे झरोका आणि शटरचा वेळ. तिसरा आयएसओ; तो आलेला प्रकाश किती वाढवून दाखवायचा ते ठरवतो. डिजिटल कॅमेऱ्याचा एक गुण असा की प्रत्येक फोटोबरोबर हे आकडे तो लिहून ठेवतो. माझ्या काळ्या फोटोंच्या पोटात लिहिले होते: अॅपर्चर २२, वेळ सेकंदाचा ६० वा भाग, आयएसओ १००. त्या शेडमध्ये माझे भिंग जास्तीत जास्त ३.५ पर्यंत उघडले असते. तेवढ्याने चाळीसपट प्रकाश आला असता. तरीही फोटो अंधाराच राहिला असता. आयएसओ १६०० केला असता तर आणखी सोळापट. दोन्ही मिळून सुमारे सहाशेचाळीसपट, आणि मग गार्ड नसलेले यंत्र स्पष्ट दिसले असते. फोटो बिघडला की प्रथम हे तीन आकडे वाचावेत, शिव्या नंतर द्याव्यात.

त्यानंतर आमच्या पोरांना मी कॅमेरा शिकवू लागलो, तेव्हा तक्रारी पुन्हा पुन्हा त्याच येत. त्या क्रमाने सांगतो.

पहिली: 'चाक फिरवतो, पण अॅपर्चर हलत नाही.' लहान कॅमेऱ्याला बहुधा एकच चाक असते आणि मॅन्युअलमध्ये ते शटरचा वेळ बदलते. अॅपर्चरसाठी एक वेगळे बटण दाबून धरून तेच चाक फिरवावे लागते. कॅमेरा बिघडलेला नसतो.

दुसरी: 'अॅपर्चर बदलले तरी फोटो तेवढाच उजळ येतो.' येथे आयएसओ 'ऑटो'वर राहिलेला असतो. तुम्ही झरोका लहान केलात की तो गुपचूप आयएसओ वाढवतो. नाव मॅन्युअल, पण कारभार निम्मा दुसऱ्याकडेच! आयएसओ आपल्या हाताने नेमून द्यावा.

तिसरी: '३.५ ठेवले होते, आपोआप ५.६ झाले.' भिंगाच्या कडेवर ३.५-५.६ असे छापलेले असते ते वाचावे. झूम लांबवला की अशा भिंगाचा झरोका ५.६ पेक्षा जास्त उघडतच नाही. अंधारात फोटो हवा असेल तर झूम आखडून दोन पावले पुढे जावे.

चौथी: 'डोळा लावून पाहताना काहीच फरक दिसत नाही.' आरशाच्या कॅमेऱ्यात भिंग एरवी पूर्ण उघडेच राहते. बटण दाबल्या क्षणी तेवढा झरोका आकसतो. फरक फोटोत पाहावा.

पाचवी: 'आकड्याच्या जागी रेघा किंवा शून्ये दिसतात.' म्हणजे कॅमेरा आणि भिंग यांचे बोलणे तुटले. कॅमेरा बंद करून भिंग काढावे, मागचे धातूचे ठिपके कोरड्या मऊ फडक्याने पुसावेत, आणि 'खट्' आवाज होईपर्यंत पुन्हा बसवावे. जुन्या भिंगावर अॅपर्चरचे कडे असेल, तर काही कॅमेऱ्यांत ते सर्वांत मोठ्या आकड्यावर अडकवून ठेवावे लागते.

एवढे करूनही शंका राहिली तर एक परीक्षा आहे. वेळ आणि आयएसओ कायम ठेवून एकाच भिंतीचे ५.६, ८, ११ आणि १६ वर चार फोटो घ्यावेत. ते पायरीपायरीने काळवंडले पाहिजेत. चारही सारखे आले तर झरोक्याची पाती अडकली आहेत, बहुधा तेलकट झाली आहेत. मग मात्र कारागिराकडे जावे. घरी स्क्रू उघडू नये.

कोणी विचारील, खिशात मोबाइल असताना हा खटाटोप कशाला? मोबाइल वापरावा. पण बहुतेक मोबाइलचा झरोका एकाच मापाचा असतो आणि बाकीचे तो स्वतःच ठरवतो. तापलेली भट्टी आणि तिच्याशेजारी काळोखात उभा असलेला माणूस एकाच फोटोत असला, की माणूस दाखवायचा की ज्वाळा, हा निर्णय आपणच घ्यावा लागतो.

चळवळीला हे साधन नवे नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सह्या गोळा केल्या आणि १८९० साली रविवारची सुट्टी मिळवली. त्यांचे साधन सभा आणि सह्या. अमेरिकेत लुईस हाइन नावाच्या शिक्षकाने १९०८ पासून गिरण्यांत आणि खाणींत राबणाऱ्या मुलांचे फोटो काढले. मुलांची उंची तो स्वतःच्या कोटाच्या गुंड्यांवरून मोजून ठेवी आणि नाव, वय टिपून घेई. फोटोबरोबर टिपण पाहिजे, हा त्याचा धडा आम्ही घेतला आहे. मूळ फाइल जशीच्या तशी जपावी, उजळायची ती प्रत उजळावी. न्यायालयात अशी फाइल द्यायची तर बरोबर प्रमाणपत्रही लागते. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमात ते सांगितले आहे.

त्या तरुणाचे पुढे काय झाले, हे तुमच्या मनात असेल. दवाखान्याच्या कागदांवर त्याला भरपाई मिळाली. पण गार्ड कोणी काढला आणि का काढला, याचा निकाल लागला नाही. ज्यांनी पाहिले होते त्यांना घरी मुलेबाळे होती. ते गप्प बसले आणि मी त्यांना दोष देत नाही. त्यांना बोलावे लागू नये, एवढ्यासाठीच तो फोटो हवा होता. आज तोच तरुण आमच्या वर्गात नव्यांना कॅमेरा शिकवतो. उरलेल्या बोटांनी चाक फिरवून तो पहिल्याच दिवशी पोरांना विचारतो, 'बावीस मोठा की चार?' पोरे 'बावीस' म्हणून ओरडतात. मग तो माझ्याकडे पाहून हसतो आणि भाकरीच्या हिशेबाला सुरुवात करतो.