तटाच्या आत कोण?

आज आम्ही तुम्हाला एका किल्ल्याची गोष्ट सांगणार आहोत. किल्ला आपल्याकडचा नाही, फ्रान्स देशातला आहे, आठशे वर्षांपूर्वीचा. पण गोष्ट आपल्या चुलीपर्यंत येणारी आहे. हातातलं काम करता करता ऐका.

फ्रान्सच्या उत्तरेला नॉर्मंडी नावाचा मुलूख आहे. तिथं सीन नदीच्या वळणावर पांढऱ्या चुनखडीचा उंच कडा आहे. त्या कड्यावर ११९६ साली रिचर्ड राजानं किल्ला बांधायला घेतला. रिचर्ड इंग्लंडचा राजा, नॉर्मंडीही त्याच्याच ताब्यात. फ्रान्सचा राजा फिलिप याच्याशी त्याचं वैर. फिलिपची फौज नदीकाठानं आत शिरू नये, म्हणून हा खटाटोप. असे किल्ले बांधायला वर्षानुवर्षं लागत. हा मात्र दोनच वर्षांत, ११९८ साली उभा राहिला. त्याचं नाव शातो गायार.

बांधणी मोठी हुशारीची होती. किल्ल्याचे तीन भाग, एकामागे एक. पुढं त्रिकोणी कोट, मग मधला कोट, शेवटी बालेकिल्ला. मध्ये खडकात खोदलेले कोरडे खंदक. एक भाग पडला तरी शत्रूला पुढचा भाग नव्यानं जिंकावा लागणार. बालेकिल्ल्याचा तट तर पाहण्यासारखा. सरळ भिंतच नाही. डेऱ्याला डेरा लावून मांडावा, तसे अर्धगोल फुगवटे. अशा भिंतीवर फेकलेला दगड नेमका बसत नाही, घसरून जातो. कड्याखाली नदीकाठी राजानं तटबंदीचं एक नवं गावही वसवलं.

११९९ साली रिचर्ड वारला. त्याचा भाऊ जॉन गादीवर आला. १२०३ साली फिलिपनं वेढा घातला आणि खालचं गाव घेतलं. गावातले हजाराहून अधिक लोक, बायाबापडे, लेकरं, म्हातारीकोतारी, जीव घेऊन वर किल्ल्यात धावली. किल्लेदार रॉजर द लेसी यानं त्यांना आत घेतलं.

पण कोठारातलं धान्य मोजलं, तेव्हा एवढ्या माणसांना पुरणार नाही हे कळलं. मग ठरलं, जे लढत नाहीत त्यांना बाहेर काढा. पहिल्या दोन खेपांना पाचपाचशेच्या आसपास माणसं गेली. फिलिपच्या सैनिकांनी त्यांना वाट दिली. मग फिलिपनं हिशेब केला. आत खाणारी तोंडं जास्त, तर धान्य लवकर संपणार. त्यानं हुकूम दिला, आता कुणाला सोडायचं नाही.

पुढची खेप बाहेर आली. समोरून बाण आले. माघारी वळली, तर दरवाजा बंद. ऐन हिवाळ्यात ती माणसं दोन फौजांच्या मध्ये उघड्या उतारावर राहिली. गवत खाल्लं, कुत्री मारून खाल्ली. कितीतरी तिथंच गेली. पुढं फिलिपनं त्यांची दशा पाहिली, तेव्हा कुठं त्यांना अन्न मिळालं. हे सगळं लिहून ठेवलंय ते फिलिपच्याच धर्मगुरूनं. तो त्या वेढ्यात हजर होता.

अशा माणसांना लढाईच्या भाषेत ‘बिनकामाची तोंडं’ म्हणत.

आणि किल्ला? तो धान्य संपून पडला नाही. बाहेरच्या कोटाच्या बुरुजाखाली शत्रूनं सुरुंग खणला. मधल्या कोटात जॉननं नंतर एक इमारत बांधली होती, तिच्या खिडकीतून सैनिक आत शिरले. शेवटी बालेकिल्ल्याची भिंत फोडली. ६ मार्च १२०४ ला शातो गायार पडला. त्याच वर्षी नॉर्मंडी फ्रान्सच्या राजाकडे गेली. आज कड्यावर अवशेष उरलेत. लोक लांबून ते पाहायला येतात.

मैत्रिणींनो, ही गोष्ट वाचल्यावर आम्ही बराच वेळ गप्प बसलो. भिंत किती जाड, बुरूज किती उंच, हे सगळे सांगतात. भिंतीच्या आत कुणाला जागा, हे कुणी विचारत नाही. आपल्याकडंही पूर येतो, दुष्काळ पडतो, तेव्हा याद्या होतात. त्या यादीत एकटी राहणारी म्हातारी असते का? दिवस गेलेली सून असते का? ऊसतोडीला आलेल्या कुटुंबाचं नाव असतं का?

गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं करा. आपल्या वस्तीत कुणाचं नाव राहून जाईल, ते एकमेकींना विचारा. ती नावं कागदावर उतरवा आणि ग्रामसभेत मोठ्यानं वाचा. संकट यायच्या आधी.

पुन्हा भेटू. नमस्कार.