सायकलच्या रंगाचं मॅचिंग



पावसाळा संपत आला की आपल्याकडच्या कितीतरी सोसायट्यांच्या फळ्यावर एक नोटीस लागते. पार्किंगमधल्या पडीक सायकली आठ दिवसांत हलवा, नाहीतर भंगारात जातील. आता पडीक सायकल कोणती, हे ठरवणारा माणूस ब्रेक ओढून पाहत नाही की चाक फिरवून पाहत नाही. तो रंग पाहतो. टवके उडालेली, गंजाचे ओघळ आलेली सायकल दिसली की तिच्यावर खडूची फुली पडते. मग ती धडधाकट का असेना, किलोच्या भावाने जाते. म्हणून आज आम्ही जुन्या सायकलच्या रंगाबद्दल बोलणार आहोत.

हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाही. फ्रेम लोखंडाची असते आणि रंग हे तिचं पांघरूण. आपली हवा दमट, त्यात अंधेरीला वर्सोव्याच्या बाजूला समुद्राचा खारा वारा. कुलपाच्या साखळीने घासून, नाहीतर शेजारच्या स्कूटरचा धक्का लागून नखाएवढा टवका उडाला, तरी त्यातून गंज शिरतो आणि आजूबाजूच्या चांगल्या रंगाखालून पसरत जातो.

‘मग अख्खी रंगवून घ्या की!’ असं लोक म्हणतात. घ्यावी, पण त्यात काय जातं तेही पाहावं. जुन्या काळ्या सायकलवरच्या सोनेरी रेघा, कंपनीचं नाव, दांड्यावरची चित्रं हे सगळं त्या एका हाताखाली गडप होतं. आईची किंवा सासऱ्यांची सायकल त्या खुणांवरूनच तर ओळखू येते. दहा-बारा टवक्यांसाठी तेवढं घालवायचं कशाला? टवके तेवढे भरावेत. अडचण एकच, रंग जुळायला हवा.

मोटारीला रंगाचा नंबर असतो, तो सांगितला की दुकानदार डबा काढून देतो. जुन्या सायकलींना सहसा असा नंबर नसतो. कंपनीला विचारावं, तर कंपनी तरी कुठे आहे? आपल्या वरळीला हिंद सायकलचा कारखाना होता. १९८० साली कायदा करून सरकारने ती कंपनी आणि सेन-रॅले, दोन्ही ताब्यात घेतल्या. पुढे तेही बंद झालं. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना २०२० साली ३ जूनला बंद पडला, तोही नेमका जागतिक सायकल दिनी. आणि समजा, कारखान्यातला मूळ रंग मिळालाच, तरी तो जुळणार नाही. तीस उन्हाळे खाल्लेली सायकल आता त्या रंगाची राहिलेलीच नसते. लाल उन्हाने उतरतो, पांढरा पिवळट होतो, काळासुद्धा तपकिरीकडे झुकतो. म्हणून पहिली गोष्ट मनाशी पक्की करायची. जुळवायचं ते सायकल नवी होती तेव्हाच्या रंगाशी नाही, आज जो आहे त्याच्याशी.

आणि हे काम आपल्याला कुणी शिकवायला नको. मॅचिंग सेंटरमध्ये ब्लाऊजपीस घेताना आपण काय करतो? साडी आठवून जात नाही, फोनमधला फोटो दाखवत नाही, साडीच नेतो. दुकानातल्या ट्यूबलाइटवर विश्वास न ठेवता कापड घेऊन दारात येतो. ट्यूबखाली सारखे दिसणारे दोन रंग उजेडात वेगळे निघतात, हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे. सायकलच्या रंगालाही हेच नियम.

तेव्हा आधी सायकल साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडी करा. मग एका जागी रबिंग कंपाउंड, नाहीतर साधी पांढरी टूथपेस्ट ओल्या फडक्यावर घेऊन हलक्या हाताने घासा. वरची मळकट साय निघाली की खरा रंग दिसतो. मूळ रंग बघायचा असेल तर चेनकव्हरच्या क्लिपखाली किंवा दिव्याच्या पट्टीखाली बघा, जिथे ऊन पोचलेलं नाही. पण नमुना धरायचा तो टवक्याच्या शेजारच्या रंगाचा.

मग चेनकव्हर किंवा मडगार्ड सोडवून दुकानात न्या. मात्र तो फ्रेमच्याच रंगाचा आहे ना, हे आधी ताडून बघा. मोटारींचे रंग मिसळून देणारी दुकानं गॅरेजच्या वस्तीत असतात. नमुना समोर ठेवला तर रंग मिसळणारा कारागीर डोळ्यांनी जुळवून थोडासा रंग करून देतो. घरी करायचं असेल तर ऑइल पेंटचे छोटे डबे आणा आणि डब्याच्या झाकणात थेंबाथेंबाने मिसळा. उतरलेल्या लालमध्ये पांढरा घालू नका, तो गुलाबी होतो. भडकपणा मारायला हिरव्याचा अगदी टिपका पुरतो. पिवळ्यात काळा घातला तर तो हिरवट होतो, तेव्हा तिथेही जपून. मिसळलेल्या रंगाचा ठिपका जुन्या डब्याच्या पत्र्यावर लावून रात्रभर वाळू द्या, कारण ओला आणि वाळलेला रंग सारखा दिसत नाही. सकाळी तो पत्रा फ्रेमला टेकवून गॅलरीत, सावलीतल्या उजेडात बघा.

आता आपल्या घरातला साठा, म्हणजे नेलपॉलिश. हसू नका! इतक्या छटा, इतक्या छोट्या बाटलीत आणि ब्रशसकट, दुसरं काय मिळतं? तांदळाएवढ्या टवक्याला ते छान चालतं. काही सायकलींचा रंग आतून चमकतो. तिथे खाली चंदेरी थर असतो आणि वर पारदर्शक रंगीत थर. साधा लाल किंवा निळा तिथे मेल्यासारखा दिसतो. आधी चंदेरी नेलपॉलिशचा ठिपका, तो वाळल्यावर वर पारदर्शक रंगाचे एक-दोन हात, असं केलं की चमक येते. मात्र नेलपॉलिश मोठ्या डागावर लावू नका, पापुद्रे सुटतात. त्यातल्या द्रावणाने जुना रंग कधी मऊ पडून सुरकुततो, म्हणून सीटखाली, दिसणार नाही अशा जागी आधी लावून बघा. आणि चूक पुसायला नेलपॉलिश रिमूव्हर सायकलला लावू नका, तो चांगला रंगही काढून टाकेल.

रंग लावण्याआधी गंज काढायलाच हवा. गंजावर लावलेला रंग म्हणजे ओल आलेल्या भिंतीवरचा चुना. चारशे नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून लोखंड स्वच्छ होईपर्यंत घासा. ओलाच घासायचा, कारण जुन्या रंगांमध्ये, विशेषतः लाल-पिवळ्यात, शिसं असू शकतं. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे कडक मर्यादा लागू झाली ती १ नोव्हेंबर २०१७ पासून. कोरडी धूळ नाकात जाऊ देऊ नका, लहान मुलांना लांब ठेवा, पुसलेलं फडकं टाकून द्या आणि हात धुवा.

घासताना लोखंडाला खड्डे दिसले तर पेडलच्या आसाखाली आणि पुढच्या चिमट्यावर स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दाबून बघा. पत्रा आत दबला तर रंगाचा डबा बंद करा आणि सायकल मिस्त्रीला दाखवा. चालत्या सायकलचा चिमटा तुटला तर बसणारी तोंडावर पडते. तिथे रंग लावून झाकणं म्हणजे धोका झाकणं.

लोखंड चांगलं निघालं तर ते पूर्ण कोरडं करून रेड ऑक्साइड प्रायमरचा पातळ हात द्या. तो वाळला की बारीक ब्रशने किंवा टूथपिकने रंग ठिपक्यासारखा टेकवा, ओढू नका. एका दिवसाच्या अंतराने दोन-तीन पातळ थर द्या. वरून वाळला तरी ऑइल पेंट कडक व्हायला आठवडा लागतो, तोवर साखळी-कुलूप त्या जागेवर टेकवू नका. भर पावसात हे करू नये, रंगाखाली ओल राहते. पाऊस उघडला की सुरुवात करा, म्हणजे दसऱ्याला झेंडूची माळ घालताना सायकल तयार असेल.

अगदी नव्यासारखी दिसावी असा हट्ट नको. दोन हात लांबून ठिपका शोधावा लागला की जमलं. उरलेला रंग नेलपॉलिशच्या रिकाम्या, धुतलेल्या बाटलीत भरा आणि कोणता रंग किती थेंब घातला ते चिठ्ठीवर लिहून बाटलीला चिकटवा. पुढचा टवका उडेल तेव्हा, मग तो तुम्ही भरा किंवा तुमची लेक, पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.