गाडीखालचा लाल डाग

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत वाहन समितीच्या ताईंनी केलेलं बोलणं. ज्या गटांकडे स्वतःची गाडी आहे त्यांच्या मागणीवरून इथे देत आहोत.)



अध्यक्षताईंनी मला गाडीच्या खर्चाचा हिशेब सांगायला उभं केलंय. हिशेब मी सांगणारच आहे. पण त्याआधी तो खर्च कसा झाला आणि कसा वाचला, ते सांगते. कारण उद्या तुमच्याही गाडीखाली असा लाल डाग दिसेल.

आपली पिकअप जुनी आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. जुनी म्हणूनच आपल्याला परवडली. आठवड्यातून तीनदा ती माळशेज घाट उतरून कल्याणला भाजी नेते. गेल्या पावसाळ्यानंतर रोकडवही लिहिताना मला दिसलं, की ‘स्टिअरिंग तेल, ३५० रुपये’ ही ओळ पुन्हा पुन्हा येते. चार महिन्यांत नऊ वाउचर! म्हणजे ३,१५० रुपये. ड्रायव्हरदादांना विचारलं तर म्हणाले, “ताई, जुनी गाडी आहे, तेवढं पितेच.” मीही मान डोलावली. चूक तिथंच झाली.

हे तेल डिझेलसारखं जळत नाही. पॉवर स्टिअरिंगचं काम असं चालतं: इंजिनाचा पट्टा एक छोटा पंप फिरवतो. तो पंप तेल दाबानं नळीतून स्टिअरिंगच्या पेटीत पाठवतो, तिथं ते चाकं वळवायला मदत करतं आणि दुसऱ्या नळीनं परत टाकीत येतं. तेच तेल गोल गोल फिरत राहतं. म्हणजे टाकीतलं तेल कमी झालं, तर ते कुठून तरी बाहेरच गेलेलं असतं. गाडी ते पीत नाही.

मग ती रात्र आली. गाडीत टोमॅटोचे क्रेट भरलेले, पुढे ड्रायव्हरदादा, मी आणि आमच्या गटातल्या एक काकू. घाटात वळण घेताना बॉनेटमधून घूं घूं आवाज यायला लागला आणि पुढच्या वळणाला स्टिअरिंग एकदम जड झालं. अशा वेळी स्टिअरिंग तुटत नाही बरं का. चाकाशी त्याचा जोड असतोच. पण मदत थांबते आणि भरल्या गाडीचा सगळा भार हातावर येतो. वळणाच्या मध्येच असं झालं की माणूस घाबरतो. दादांनी गिअर खाली घेतला, दोन्ही हातांनी जोर लावून वळण काढलं आणि रुंद जागा बघून गाडी बाजूला घेतली. काकूंनी माझा हात इतका घट्ट धरला होता, की सकाळी मनगटावर वळ दिसत होता.

टाकी बघितली तर रिकामी. दादांच्या सीटखाली ब्रेक ऑइलची बाटली होती. ते म्हणाले, “आत्तापुरतं हेच घालू.” मी काही बोलले नाही, कारण तेव्हा मला वाटायचं तेल ते तेल. मागून आलेल्या एका ट्रकवाल्या भाऊंनी थांबून हात धरला. ब्रेकचं तेल आणि स्टिअरिंगचं तेल वेगळ्या जातीचं असतं. एकाच्या जागी दुसरं घातलं की आतले रबर फुगतात, खराब होतात. स्टिअरिंगचं तेल चुकून ब्रेकच्या डब्यात गेलं तर ब्रेकच जातात. ताईंनो, आजच्या बोलण्यातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं विसरू नका. त्या भाऊंनी आपल्याकडचं लाल तेल दिलं, पैसेही घेतले नाहीत. आम्ही पोचलो, पण बाजार हलला होता. टोमॅटो पडत्या भावानं गेला.

दुसऱ्या दिवशी गॅरेजला गेलो. मिस्त्रींनी खाली वाकून बघितलं आणि म्हणाले, “पंप गेला. नवा पंप, मजुरी धरून साडेसोळा हजार.” समितीत ठराव लिहायला घेतला. साडेसोळा हजार म्हणजे दोन ताईंचं शेळीपालनाचं कर्ज पुढे ढकलायचं. त्या दोघी तिथंच बसल्या होत्या, काही बोलल्या नाहीत. त्यांचं गप्प बसणंच मला लागलं.

आपल्याच गटातल्या एका ताईंची मुलगी आयटीआयला मेकॅनिक डिझेल शिकते. ती म्हणाली, “मावशी, गळती नक्की कुठं आहे ते कुणी बघितलं का?” कुणीच बघितलं नव्हतं. सगळंच तेलकट झालेलं, मग बघणार काय? वरून गळलेलं तेल खाली ओघळतं, पंखा ते उडवतो, आणि जिथं जास्त ओलं तिथंच दोष आहे असं वाटतं.

तिनं इंजिन थंड असताना पंप, नळ्या, जोड सगळं रॉकेलच्या फडक्यानं पुसून कोरडं केलं. मग त्यावर अंगाला लावायची साधी पावडर भुरभुरली. गाडी चालू करून दादांना स्टिअरिंग दोन्ही बाजूंना फिरवायला सांगितलं. पाच-सात मिनिटांत गाडी बंद करून बॅटरीच्या उजेडात बघितलं. पांढऱ्या पावडरवर दोन लाल रेघा! एक पंपाच्या पुलीमागून, दुसरी बारीक, परतीच्या नळीच्या क्लिपपाशी. (इंजिन चालू असताना पदर, ओढणी, वेणी आत खोचा. पट्टा कुणाची वाट बघत नाही. आणि दाबाच्या नळीला तेव्हा हात लावायचा नाही.)

पुलीमागची गळती म्हणजे पंपाच्या दांड्यावरचं सील गेलेलं. ते रबराचं कडं आहे, वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं कडक होतं. पंप तोच ठेवून सील बदलता येतं. आम्ही मिस्त्रींनाच सांगितलं, “पंप उघडून बघा, आम्ही इथंच बसतो.” त्यांनी कुरकुर केली, पण काम नीट केलं.

आधी टाकीतलं तेल काढून घेतलं, पट्टा ढिला केला, नळ्या सोडून तोंडं स्वच्छ फडक्यानं बंद केली. पंप बाहेर काढला, पुली पुलरनं ओढली. हातोडीनं ठोकली की दांडा आणि पुली दोन्ही बिघडतात. जुनं सील निघाल्यावर दांड्यावरून नख फिरवायचं. खाच लागली तर नवं सीलही गळणार. आमच्या दांड्याला खाच नव्हती. नवं सील तेल लावून, ओठाची बाजू आत करून, सरळ दाबून बसवलं. आतल्या पात्यांची गोल कड बाहेरच्या बाजूला ठेवली. ओ-रिंगा किटमधल्याच घातल्या. नळाचे वॉशर तिथं चालत नाहीत. दाबाच्या नळीच्या बोल्टाचे तांब्याचे वॉशर नवे टाकले आणि परतीच्या नळीची क्लिप बदलली. पट्टा तेलानं भिजून सरकत होता, तोही नवा घेतला.

शेवटचं काम हवा काढायचं, आणि घाई तिथंच होते. पुढची चाकं उचलून खाली भक्कम स्टँड लावले, नुसत्या जॅकवर विसंबलो नाही. टाकी भरून, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश वीसेक वेळा फिरवलं. तेल खाली गेलं की भरायचं. मग इंजिन चालू करून पुन्हा तेच, बुडबुडे थांबेपर्यंत. अगदी टोकाला स्टिअरिंग दाबून धरायचं नाही, त्यानं पंपावर फार दाब येतो.

आता हिशेब. सील किट, वॉशर आणि क्लिप ४५०, तेल दोन लिटर ७००, पट्टा ३९०, मजुरी ८००. एकूण २,३४० रुपये. म्हणजे चार महिने आपण जे तेल रस्त्यावर सांडलं, त्याहून दुरुस्ती स्वस्त पडली. शेळीपालनाची दोन्ही कर्जं वेळेवर गेली.

पंप कधीच बदलायचा नाही, असं मी म्हणत नाही. दांड्याला खाच असेल, दांडा हलत असेल, तेलात चकचकीत धातूचा भुगा दिसत असेल, किंवा हवा काढूनही आवाज जात नसेल, तर पंप बदलायलाच हवा. तेव्हा पैशाकडे बघू नका, गाडीत आपलीच माणसं असतात. आणि गळती थांबवायचं बाटलीतलं औषध मिळतं, ते रबर फुगवून थोडे दिवस काम भागवतं. त्याच्या भरवशावर घाट उतरू नका.

वाहन समितीनं तीन गोष्टी ठरवल्यात. दर सोमवारी सकाळी, इंजिन थंड असताना, टाकीतल्या तेलाची खूण बघून वहीत लिहायची. रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा ठेवायचा, म्हणजे डाग कुठं आणि केवढा ते सकाळी कळतं. आणि तेल टाकीच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तिकेत लिहिलंय तेच आणायचं. पुष्कळ जुन्या गाड्यांना लाल एटीएफ लागतं, पण सगळ्यांना नाही. काढलेलं जुनं तेल गटारात किंवा शेतात ओतू नका, डब्यात साठवून गॅरेजला द्या.

आणखी एक, हे माझं मला आहे. एकच खर्च तिसऱ्यांदा वहीत आला की मी आता सही करायच्या आधी उठते आणि जाऊन बघते. ड्रायव्हरदादांवर अविश्वास म्हणून नाही. त्या रात्री घाटात तेही आमच्याबरोबरच होते.

सोमवारची वही बघायची पाळी या महिन्यात कुणाची, तेवढं आत्ताच ठरवून उठूया.