सुट्टी कोणाची आणि भार कोणावर?



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस आमंत्रण दिले, तेव्हा आम्ही पगार, बोनस किंवा संप यांवर बोलू अशी त्यांची अपेक्षा असावी. आमची शाळा सातवीला सुटली आणि पुढचे शिक्षण कारखान्याच्या गेटावर झाले. तेव्हा ही अपेक्षा काही चुकीची नव्हे. परंतु आज आम्ही सुट्टीवर बोलणार आहोत. विषय हलका वाटेल, पण कामगार चळवळीचा आरंभच मुळी या विषयापासून झाला आहे.

1884 साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची सभा भरविली. त्या सभेच्या मागण्यांत पहिली मागणी पगारवाढीची नव्हती. आठवड्यातून एक दिवस, रविवारी, गिरणी बंद असावी आणि दुपारी अर्धा तास विसावा मिळावा, हे त्यांचे मागणे होते. त्यासाठी सहा वर्षे झगडावे लागले. 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज आपण रविवारी सकाळी उशिरा उठतो, तो उशीर कोणी तरी आपल्याला मिळवून दिलेला आहे.

आता या रविवारचे आपल्याकडे काय होते ते पाहू. 2013 साली लोकलगाड्या डहाणू रोडपर्यंत आल्या. त्यापासून सुट्टीच्या दिवशी सफाळे आणि केळवे रोड या स्थानकांवर उतरणारी माणसे आपण पाहतोच. कोणी तांदुळवाडीचा किल्ला चढतो, कोणी केळव्याच्या सुरूच्या बनात चादर पसरतो. विरार-नालासोपाऱ्याच्या एका खोलीत पाच माणसे राहतात, बोईसरला पाळ्यांत काम चालते. अशा माणसाला आठवड्यातून एकदा मोकळे आकाश दिसावे ही चैन नव्हे. भाकरीइतकीच ती त्याची गरज आहे.

पण येथे आम्हांस स्वतःचा एक गुन्हा कबूल केला पाहिजे. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी आम्हीच आमच्या कामगारांची सहल समुद्रावर नेली होती. तीन बसगाड्या, बायकामुले, जेवण, संगीत खुर्ची, सगळे यथासांग झाले. सूर्यास्ताला आम्ही खुशीत परतलो. दुसऱ्या दिवशी जेवणवाल्याचा हिशेब भागविण्यासाठी आम्ही पुन्हा त्या बाजूला गेलो. किनाऱ्यावर एक म्हातारी कोळीण वाळत घातलेल्या जवळ्यापाशी बसून काही निवडीत होती. जवळ जाऊन पाहिले, तर तिच्या बोटांत थर्मोकोलचे कण होते. आमच्या ताटल्या रात्री वाऱ्याने उडून फुटल्या होत्या आणि त्यांचा चुरा जवळ्यात मिसळला होता. तो पाखडूनही निघेना. आम्हांला पाहून ती रागावली नाही. “बाबा, काल तुमच्या बाया बसल्या, बरं झालं. आज माझा दिवस यातच गेला,” एवढेच ती म्हणाली. आमच्याजवळ उत्तर नव्हते. थर्मोकोलच्या ताटल्यांवर राज्यात बंदी आली ती 2018 साली. पण आम्हांला कायद्याची वाट पाहण्याचे कारण काय होते? तिचा बुडालेला रोज आमच्या सहलीच्या खर्चात कोणी धरला नव्हता.

असे प्रकार वाढले म्हणजे गावकरी चिडतात, अपघात झाले म्हणजे अधिकारी धास्तावतात, आणि मग पावसाळ्यात धबधब्यांवर, धरणांवर जाण्यास बंदीचे हुकूम निघतात. जीव वाचविण्यासाठी काही दिवस बंदी लागते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु बंदीखेरीज दुसरे काहीच करायचे नाही, ही आमच्या मते आळशी व्यवस्था होय. ज्याच्यापाशी पैसा आहे तो भिंतीआडच्या रिसॉर्टात पोहतो. बंदीचा दांडा पडतो तो लोकलने येणाऱ्यावर. शिवाय तारापूरच्या कारखान्यांचे सांडपाणी ज्या समुद्रात जाते, त्याच समुद्राची काळजी फक्त सहलवाल्याच्या पिशवीपाशी संपावी, हाही न्याय नव्हे.

मग करावे काय? दोन उदाहरणे सांगतो. कास पठार 2012 साली जागतिक वारसा यादीत आले आणि फुले पाहण्यास झुंबड उडाली. तेथे पठार कायमचे बंद केले नाही. हंगामात दिवसाला किती माणसे सोडायची हे ठरविले, शुल्क लावले, आणि व्यवस्थेत भोवतालच्या गावांच्या समित्या घेतल्या.

दुसरे उदाहरण माथेरानचे. तेथे मोटारी दस्तुरी नाक्यावरच थांबतात, म्हणून हवा स्वच्छ आणि रस्ते शांत राहिले. पण त्या शांततेसाठी माणसे माणसांना हातरिक्षांत बसवून चढावर ओढीत आली. ही प्रथा सहा महिन्यांत थांबवावी असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2025 च्या ऑगस्टात दिला. झाडे वाचविताना माणूस जुंपला जात असेल, तर त्या व्यवस्थेचा हिशेब अपुरा आहे, हे आपण माथेरानपासून शिकावे.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. गाडीतळाचे आणि प्रवेशाचे जे पैसे गोळा होतील, ते गावाच्या खात्यात जावेत आणि त्यांचा हिशेब ग्रामसभेत वाचला जावा. मासळी वाळविण्याची जागा आखून द्यावी व वाळूवर एकही मोटार येऊ देऊ नये. किल्ल्यावरची खडकात खोदलेली टाकी ही पिण्याच्या पाण्याची म्हणून जपावीत. गडाच्या पायथ्याच्या पाड्यांतील तरुणांना वाटाड्याचे काम ठरलेल्या दराने मिळावे. जीवरक्षकाला बारमाही पगार आणि विमा असावा. बुडणाऱ्यामागे धावणाऱ्या पोराला नुसती शाबासकी देऊन भागणार नाही. आणि रविवारी जे आपला कचरा उचलतात, त्यांना आठवड्यात दुसऱ्या एका दिवशी भरपगारी सुट्टी मिळालीच पाहिजे. लोखंड्यांनी मागितली ती सुट्टी सर्वांसाठी होती.

आणि आमचे काय? आमच्या संघटनेने त्या सहलीनंतर एक नियम केला. घरची ताटे न्यायची, उष्टेखरकटे गोणीत भरून बसमधून परत आणायचे, आणि किनारा सोडण्यापूर्वी कार्यकर्त्यांनी सर्वांत शेवटी निघायचे. पहिल्या वर्षी पुष्कळ कुरकुर झाली. बसला वास येतो म्हणाले. आम्ही म्हटले, कालपर्यंत हा वास दुसऱ्याच्या दारात टाकून येत होतो. आता पोरेच गोणी धरायला पुढे येतात. त्या म्हातारीचा एक दिवस मात्र आम्हांला परत करता आला नाही. तेवढे ऋण डोक्यावर ठेवून आम्ही आपली रजा घेतो.